चहाचं आधण

शंकेखोर : साधा हिशोब मांडून बघू. वाडग्यात दोन ग्रॅम हिरव्या चहाची पूड, वर अर्धी वाटी गरम पाणी, बांबूच्या रवीने घुसळलं की झाला चहा. दोन मिनिटांचं काम. जपानात यालाच चार तास लावतात. बागेतल्या दगडांवरून चालत यायचं, कुंडीतल्या पाण्याने हात-तोंड धुवायचं, पासष्ट-सहासष्ट सेंटीमीटरच्या चौकोनी दारातून गुडघ्यांवर सरकत आत शिरायचं, कोनाड्यात टांगलेल्या अक्षरांपुढे वाकायचं. निखारे रचताना बघायचे, मोजकं जेवायचं, गोड खायचं, बाहेर जाऊन बसायचं, पुन्हा आत यायचं. मग दाट चहा, आणि त्यानंतर पातळ. अधूनमधून यजमान रेशमी फडक्याची घडी घालतो, मोडतो, पुन्हा घालतो आणि आधीच स्वच्छ असलेली डबी पुसतो. लोक याला ध्यान म्हणतात. मला ते सोवळं वाटतं. आमच्या आजोबांच्या पूजेत पळी चुकीच्या बाजूला ठेवली तरी घरात वादळ व्हायचं. देव काही बोलायचा नाही, बोलायचे ते आजोबाच.

चाहती : देव बोलत नव्हता, हाच तर फरक. इथे देवाच्या जागी पाहुणा बसलेला असतो, त्याला तहान लागलेली असते आणि चहा बिघडला तर त्याच्या चेहऱ्यावर कळतं. या प्रकाराचं जपानी नाव ‘चानोयु’. त्याचा सरळ अर्थ चहासाठीचं गरम पाणी, म्हणजे आपलं चहाचं आधण. ‘समारंभ’ हा शब्द बाहेरच्यांनी चिकटवला. मी टोकियोत नोकरीनिमित्त राहते आणि सहा वर्षं दर शनिवारी एका वयस्क बाईंकडे हे शिकते आहे. पहिले काही महिने नुसतं ते फडकंच. फार चिडचिड व्हायची. मग एक दिवस हात आपोआप चालू लागले आणि मला पहिल्यांदा खोली दिसली. लोखंडी किटलीचा आवाज ऐकू आला. तिच्या तळाला आतून लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे पाणी तापलं की ती सूंऽऽ असा सूर धरते. तिथले लोक त्याला पाइनच्या रानातला वारा म्हणतात. समोर बसलेल्या बाईंचे गुडघे दुखताहेत हेही दिसलं. नवशिक्याला तंबोऱ्यात तारच ऐकू येते, सूर नंतर येतो. तसंच हे.

आणि वाडग्याचं बघा. त्याला एक दर्शनी बाजू असते. यजमान ती पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुणा शेजारच्याला ‘तुमच्याआधी घेतो’ म्हणतो, वाडगा उचलतो आणि हातातच थोडा फिरवतो, का तर त्या चांगल्या बाजूला आपले ओठ लागू नयेत. एकाने मान दिला, दुसऱ्याने तो अलगद बाजूला ठेवला. हेच तोंडाने करायला गेलं की ‘तुम्ही आधी, छे छे, तुम्हीच’ असा गोंधळ होतो.

शंकेखोर : वाडग्याचं मान्य. पण चहाचे भक्त वाडग्यावर थांबत नाहीत. त्या बुटक्या दाराचं ते तत्त्वज्ञान करतात. सामुराई तलवार बाहेर खुंटीवर ठेवायचा आणि व्यापाऱ्यासारखाच वाकून आत यायचा, म्हणून चहाच्या खोलीत सगळे समान, असं सांगतात. आता इतिहास बघा. या चहाचा आद्य गुरू मानला जाणारा सेन नो रिक्यू हा साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म १५२२चा. आधी सत्ताधीश सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी, मग त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीच्या. नोबुनागा नामांकित चहाची भांडी लोकांकडून गोळा करायचा आणि मर्जीतल्या सरदारांना बक्षीस द्यायचा. चहा करायला त्याची परवानगी मिळणं हाच मोठा सन्मान होता. हिदेयोशी त्याच्याही पुढे गेला. १५८५ साली त्याने राजवाड्यात सम्राटाला चहा दिला, तेव्हा व्यापाऱ्याच्या मुलाला आत कसं न्यायचं, म्हणून सम्राटाकडून ‘रिक्यू’ हे बौद्ध नाव मिळवलं. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला साधेपणाचा ऋषी मानतो, ते नाव दरबाराचा प्रवेशपरवाना होतं. पुढच्याच वर्षी हिदेयोशीने सोन्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येणारी चहाची खोली राजवाड्यात उभी केली. १५८७ साली कितानो देवळाच्या आवारात प्रचंड चहामेळा भरवला. शेतकरी असो की नोकर, किटली आणि वाडगा घेऊन कोणीही यावं, अशी दवंडी होती. दवंडीच्या शेवटी काय होतं? जो येणार नाही, त्याने यापुढे चहा करायचा नाही. हे आमंत्रण म्हणायचं की फर्मान? दहा दिवसांचा मेळा एका दिवसात गुंडाळला. आणि १५९१मध्ये याच हिदेयोशीने सत्तरीच्या रिक्यूला पोट फाडून मरायला लावलं. कारण आजपर्यंत धड कोणाला सांगता आलेलं नाही. बुटकं दार कोणासाठी बुटकं होतं, सांगा.

चाहती : यातलं काहीच मी नाकारणार नाही. पण तुम्ही सोन्याची खोली सांगितलीत आणि दुसरी सांगितली नाहीत. क्योटोजवळ यामाझाकीला म्योकिआन नावाच्या छोट्या देवळात ‘ताइआन’ ही खोली उभी आहे; ती रिक्यूची मानतात. फक्त दोन चटयांची. सहा फूट लांब, सहा फूट रुंद. मातीच्या भिंती, त्यांतून गवताचे तुकडे डोकावणारे. याच सुमारास क्योटोतल्या चोजिरो नावाच्या कौलं करणाऱ्या कारागिराकडून रिक्यूने हातांनी घडवलेले काळे आणि लाल वाडगे करून घेतले. त्याआधी प्रतिष्ठा होती चीनहून आलेल्या चकचकीत, निर्दोष भांड्यांची. एकेका डबीसाठी सरदार प्रांतावर पाणी सोडायला तयार असत. अशा काळात हा माणूस १५९०च्या ओदावाराच्या मोहिमेत, छावणीत बसून, बांबूचं कांडं कापतो आणि फुलदाणी म्हणून ठेवतो. तिला तडा होता, पाणी झिरपायचं. ती आजही टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तड्यासकट. ज्याच्या हातात मान आहे आणि समोर हिदेयोशी आहे, त्याने असं करणं ही निव्वळ सौंदर्याची आवड नव्हे. तो म्हणत होता, किंमत तुम्ही ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्याच्याआधी, आशिकागा शोगुनांच्या काळात, चहा शेजारच्या खोलीत सेवक करत आणि तयार वाडगा आत आणत. रिक्यूच्या परंपरेत यजमान स्वतः, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चहा करतो. वाडगा विसळणं, पुसणं, निखारे लावणं, गोड पुढे करणं, सगळं त्याच्या हातून. ज्याच्या कमरेला दोन तलवारी, त्याला गुडघे टेकून नोकराचं काम शिकावं लागलं आणि ते नीट करण्यातच त्याची इज्जत मोजली गेली. हे जगात फार ठिकाणी झालेलं मला माहीत नाही.

शंकेखोर : ‘किंमत तुम्ही ठरवत नाही’ हे वाक्य छान आहे, पण बाजाराने ते उलटं ऐकलं. किंमत संपली नाही, पत्ता बदलला. क्योटोच्या दाइतोकुजीतल्या कोहोआन या उपमंदिरात ‘किझाएमोन’ नावाचा वाडगा आहे. कोरियातल्या कोणा अनाम कुंभाराने रोजच्या वापरासाठी, बहुधा दिवसाला ढिगांनी केलेल्या वाडग्यांपैकी एक. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे, पेटीत पेटी आणि तिच्यात पेटी अशा बंदोबस्तात. लोककलांचा अभ्यासक यानागी सोएत्सूने १९३१ साली तो हातात घेतला, तेव्हा त्याला जाणवलं की हा अगदीच साधा वाडगा आहे आणि म्हणूनच थोर. मला त्याचं म्हणणं पटतं. मग माझा प्रश्न एवढाच : त्याला थोर ठरवल्यावर त्यात कोणी भात खाल्ला का?

पुढे ऐका. १९१९ साली मित्सुईचे धनाढ्य उद्योगपती आणि चहाचे मोठे शौकीन मासुदा ताकाशी यांच्या टोकियोच्या घरी श्रीमंत रसिक जमले. समोर सातशे वर्षांपूर्वीची, छत्तीस कवींची चित्रं असलेली गुंडाळी होती. एकट्याला परवडेना, म्हणून ती कापून तुकडे केले आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. ज्याच्या वाट्याला जो कवी आला, तो त्याने मढवून चहाच्या कोनाड्यात टांगला. कातरीचा आवाज किटलीतल्या पाइनच्या वाऱ्यासारखा असतो का हो? गरिबीचा अभिनय करायला एवढा पैसा लागत असेल, तर खऱ्या गरिबाने त्याला काय म्हणावं?

चाहती : ‘अभिनय’ म्हणा, माझी हरकत नाही. नटाला राजा व्हायचं नसतं, तरी तो राजाचं दुःख आपल्याला समजावतोच की. पण कातरीवर माझ्याकडे उत्तर नाही. ती वाईटच गोष्ट झाली. चहाच्या खोलीला जिवंत ठेवण्याच्या नावाखाली दुसरी कलाकृती मारली गेली.

मात्र तुमचा हिशोब फक्त मालकांचा आहे, पाहुण्यांचाही मांडा. एक पाहुणा तर आपल्या किनाऱ्यावरून गेला होता. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट १५७४ साली गोव्यात उतरला. पूर्वेकडच्या सगळ्या मिशनांवर त्याची देखरेख होती. जपानात पोचल्यावर त्याने पाद्र्यांसाठी रीतिरिवाजांची नियमावली लिहिली आणि त्यात मिशनच्या घरांमध्ये येणाऱ्यांसाठी चहाची सोय आणि ती सांभाळणारा माणूस असावा असं घातलं. धर्म बदलायला आलेल्या माणसाला कळलं की इथे बोलणं सुरू होतं ते चहापाशी. १५९१च्या मार्चमध्ये तो गोव्याच्या व्हाइसरॉयचं पत्र घेऊन हिदेयोशीला भेटला. ते चर्मपत्र अजून क्योटोच्या म्योहोइन देवळात आहे. भेटीनंतर सात आठवड्यांत रिक्यू गेला. त्या भेटीत दुभाषा होता जोआंव रॉड्रिगिश. त्याने पुढे चहावर इतकं बारकाईने लिहून ठेवलं की आजचे अभ्यासकही त्याच्याकडे जातात. परक्या डोळ्यांना निव्वळ सोवळं दिसलं असतं, तर एवढी शाई खर्च झाली नसती.

शंकेखोर : गोव्याचं माहीत नव्हतं. पण दुभाष्याला शिष्टाचार शिकावाच लागतो. तो त्याचा धंदा आहे. धंद्यावरून आठवलं, तुमच्या शनिवारच्या शिकवणीची फी काय आहे ते मी विचारणार नाही, पण तिची रचना विचारतो. रिक्यूचा नातू सोतान. त्याने म्हणे दरबारी नोकरी टाळली, लोक त्याला भिकारी सोतान म्हणत. झकास. पण त्याच्या तीन मुलांनी सरदारांकडे नोकऱ्या धरल्या आणि त्यांची तीन घराणी झाली : ओमोतेसेंके, उरासेंके, मुशाकोजीसेंके. घराण्याचा प्रमुख वंशाने ठरतो. प्रत्येक टप्प्याला परवाना, परवान्याला शुल्क, आणि ते शुल्क शिक्षकाकडून वर वर जात प्रमुखापर्यंत. मेइजी काळात मुलींच्या शाळांत चहा शिकवू लागले, लग्नाच्या बाजारात तो एक गुण ठरला, आणि आज शिकणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त. प्रमुखाच्या गादीवर मात्र पुरुषच. आणि ज्या ‘झेन, शांती, चहा’ या त्रिकुटाने जग भुललं, ते बऱ्याच अंशी ओकाकुरा काकुझोच्या १९०६च्या पुस्तकातून आलं. ते पुस्तक त्याने लिहिलं इंग्रजीत, न्यूयॉर्कच्या प्रकाशकासाठी.

चाहती : गाण्याची घराणी तुम्हाला चालतात, पण.

शंकेखोर : गाण्यात गळा लागतो. बेसूर मुलगा खाँसाहेबांचा असला तरी श्रोते उठून जातात. चहात उठून जाता येत नाही, पाय बधीर झालेले असतात.

चाहती : पाय बधीर होतात हे खरं. पण म्हणून तर १८७२च्या क्योटोच्या प्रदर्शनासाठी उरासेंकेच्या अकराव्या प्रमुखाने टेबल-खुर्चीवरचा चहा काढला, परदेशी पाहुणे गुडघ्यांवर बसू शकणार नाहीत म्हणून. घराणं दगडासारखं असतं तर हे झालं नसतं. शुल्काचं मात्र तुमचं बरोबर आहे. मीही भरते, आणि पावतीवरचा आकडा बघून दर वेळी वाटतं की रिक्यूची फुलदाणी फुकट होती.

पण मला का जावंसं वाटतं ते सांगते. मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून पळी निसटली. उकळतं पाणी चटईवर सांडलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. त्या क्षणी मुख्य पाहुण्या बाईंनी अगदी शांतपणे, नियमाने जेव्हा विचारायचं त्याच्या बऱ्याच आधी, कोनाड्यातल्या फुलाचं नाव विचारलं. सगळे तिकडे वळले. मी पाणी टिपून घेतलं. नंतर कोणी त्याचा उल्लेख केला नाही. नियम होता म्हणून तो मोडून दुसऱ्याला सावरता आलं. नियमच नसता, तर ते फक्त विषय बदलणं झालं असतं.

शंकेखोर : हे मला आवडलं, आणि इथेच माझी खरी शंका आहे. माझी आई हे रोज करायची. पाहुण्याच्या हातून कप फुटला की ‘बरं झालं, जुनाच होता’ म्हणायची आणि आत जाऊन त्याच सेटमधले उरलेले पाच मोजायची. तिला कोणी परवाना दिला नाही, तिच्या हालचालींना नाव नाही, तिच्या कपाला पेटी नाही. तिने जन्मभर आधण ठेवलं. जगातल्या कोट्यवधी बायकांनी ठेवलं. पुरुषांनी तलवार बाजूला ठेवून चार तास तेच काम केलं, की त्याची कला झाली, मार्ग झाला, झेन झालं. तुम्ही मघाशी मोठेपणाने सांगितलंत की सामुराईला नोकराचं काम शिकावं लागलं. त्या नोकराचं काय झालं?

चाहती : तो मिझुयात गेला.

शंकेखोर : कुठे?

चाहती : मिझुया. चहाच्या खोलीला लागून असलेली मोरीवजा छोटी खोली. पाणी, वाडगे, पूड गाळून ठेवणं, सगळी तयारी तिथे. दोन-चार पाहुण्यांचा चहा असेल, तर यजमान एकटाही निभावतो. पण आता मोठे मेळावे होतात, दिवसाला शेकडो माणसं. तिथे यजमान समोर बसून पहिल्या एक-दोन पाहुण्यांचाच चहा करतो. बाकीच्यांचे वाडगे मिझुयातून तयार होऊन येतात, रांगेने, घुसळलेले. आत आम्ही शिकणाऱ्या बायका असतो, बाह्या बांधून. थोडक्यात, आशिकागा काळाची शेजारची खोली परत आली आहे. हे कोणी लपवत नाही, पण पुस्तकांत त्याचा फोटोही नसतो.

शंकेखोर : तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

चाहती : मांडलं, कारण तिथे मी बसलेली आहे. तुमच्या आईचं मात्र मला वेगळं वाटतं. तिचं आधण कोणी बघितलं नाही, हा अन्याय खरा. पण त्यावर उपाय काय? चानोयुने निदान एक गोष्ट केली : पाणी ओतणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे, हे ठरवलं. वाडगा विसळणाऱ्या हाताकडे चार माणसं गप्प बसून बघतात. ती नजर मिझुयापर्यंत पोचली नाही, तुमच्या आईपर्यंत तर नाहीच नाही. माझं भांडण त्या नजरेशी नाही, ती दारात अडते याच्याशी आहे.

शंकेखोर : नजर पोचली तरी माणूस बदलतो का? ‘इचिगो इचिए’, म्हणजे ही भेट आयुष्यात एकदाच, हे वचन आता चहाच्या पाकिटांवरही छापतात. ते रूढ केलं ई नाओसुकेने. त्याने लिहिलंय की पाहुणे गेल्यावर यजमानाने लगेच आवरायला घेऊ नये. एकट्याने किटलीपाशी बसावं, ही भेट पुन्हा होणार नाही हे मनात आणावं, आणि स्वतःसाठी एक वाडगा चहा करावा. इतकं हळवं मी फार कमी वाचलंय. आणि हाच माणूस शोगुनचा मुख्य मंत्री, ज्याने १८५८-५९मध्ये विरोधकांना तुरुंगात घातलं, कित्येकांना देहदंड दिला. १८६०मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर, बर्फ पडत असताना, त्याला कापून काढलं. ज्याने एका भेटीचं मोल इतकं जाणलं, त्याने किती जणांच्या शेवटच्या भेटी घडवल्या?

चाहती : यावर मी पूर्वी म्हणायचे की चहाने त्याला थोडं तरी मऊ केलं असेल. आता म्हणत नाही. चहा लक्ष द्यायला शिकवतो. ते लक्ष कोणाकडे द्यायचं, हे शिकवत नाही. हिदेयोशीचंही लक्ष तीक्ष्णच असणार, नाहीतर रिक्यूची त्याला एवढी भीती वाटली नसती.

शंकेखोर : मग मला तो बाइसाओ बरा वाटतो. ओबाकू पंथाचा झेन भिक्षू. उतारवयात मठ सोडून क्योटोत आला, खांद्यावरून शेगडी-किटली वाहून नेत रस्त्याकडेला, नदीकाठी पानांचा चहा विकायला बसला. किंमत म्हणाल तर, द्याल ते द्या. चहाच्या घराण्यांना त्याने चांगलं झोडपलं. आणि १७५५ साली, ऐंशीच्या घरात असताना, आपल्यामागे ही भांडी कोणा शौकिनाच्या हाती जाऊन बाटू नयेत म्हणून त्याने ती जाळून टाकली. बघा, त्याला पुढचं दिसत होतं.

चाहती : दिसत होतं. आणि तरीही पुढच्या पिढीने त्याच्या भांड्यांची चित्रं काढली, नकला केल्या आणि त्याच्या नावाने पानांच्या चहाचेही गुरू, घराणी आणि नियम तयार झाले. जाळूनही सुटका झाली नाही. दुसऱ्या टोकाला रिक्यू. मरणाआधीच्या शेवटच्या चहासाठी त्याने बांबूची चमची कोरली आणि शिष्य फुरुता ओरिबेला दिली. ओरिबेने तिच्यासाठी खिडकी असलेलं नळकांडं केलं आणि ते गुरूच्या स्मृतिपाटीसारखं पुढ्यात ठेवलं. १६१५ साली ओरिबेलाही मरणाचा तसाच हुकूम आला. ‘अश्रू’ नावाची ती चमची आता नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे.

शंकेखोर : काचेआड.

चाहती : काचेआड. म्हणजे एकाची जळाली, एकाची काचेत गेली, आणि चहा दोघांच्याही भांड्यांत होत नाही. मग तो कशात होतो, हे तुम्ही मला विचाराल, आणि मी ‘माझ्या बाईंच्या फ्लॅटमध्ये, कोळशाऐवजी विजेच्या शेगडीवर’ म्हणेन. तुम्ही म्हणाल की ते तर तुमची आईही गॅसवर करत होती.

शंकेखोर : म्हणेनच. पण एक कबूल करतो. आईने पाच कप मोजले ते मी पाहिलं होतं, आणि आज ते पहिल्यांदा कोणाला सांगितलं. पुढचा मेळावा कधी?

चाहती : येत्या नोव्हेंबरात. तेव्हा उन्हाळी शेगडी उचलून जमिनीतली चूल उघडतात, चहाचं नवं वर्ष सुरू होतं. मोठा मेळावा आहे, तीनशेच्या वर पाहुणे. कामांची यादी कालच आली. मला मिझुयात लावलंय, वाडगे विसळायला.